ट्रिपल निगेटिव्ह आपल्याच बायकांत जास्त? मावशीच्या रिपोर्टवरून पडलेले प्रश्न

तेरणाकाठ
लातूरहून लिहितेय. मावशी ४४ वर्षांची, औसा तालुक्यातली. छातीत गाठ होती. ती गावाजवळच्या एका दवाखान्यात आधी काढून टाकली आणि मग तपासायला पाठवली. कॅन्सर निघाला. पुढच्या तपासणीत ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. आता मोठ्या डॉक्टरांकडे आहोत, केमो ठरली आहे, त्याबद्दल सल्ला नकोय.

विचारायचंय ते वेगळंच. घरच्या ग्रुपवर रोज नवीन काहीतरी येतंय. भावाने एक लेख टाकला की भारतीय बायकांचा स्तनाचा कॅन्सर मुळातच वेगळा आणि जास्त घातकी असतो. मामी म्हणतात कापसावरच्या फवारणीने झालं. मामेबहीण अमेरिकेत नर्स आहे, ती म्हणाली तिकडे काळ्या बायकांत हाच प्रकार जास्त दिसतो. त्यावर लगेच कुणीतरी "म्हणजे सावळ्या रंगाचा दोष" असं लिहून मोकळं झालं. मावशीने तीन लेकरं वाढवली, प्रत्येकाला दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं. अंगावर पाजणाऱ्या बाईला हे होत नाही असं आम्हाला आशाताईंनीच सांगितलं होतं. मग खरं काय मानायचं? कुणी नीट सांगेल का, घाबरवू नका फक्त.

जिंतूरकर
मावशींना लवकर आराम पडो. बाकी आमच्या आज्यांच्या काळात हे नाव तरी ऐकलं होतं का? बाहेरचं खाणं, पिशवीतलं दूध, युरिया. लेख लिहिणारे परदेशी आणि औषध विकणारेही परदेशीच.

पॅराफिन
जिंतूरकर, आज्यांच्या काळात व्हायचा, फक्त बाई वारली की "छातीला फोड झाला होता" म्हणून विषय संपायचा. असो.

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे, मराठवाड्यातच. असे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्तनाचा कॅन्सर हा एक आजार नाही. गाठीतल्या पेशींवर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पकडणारे रिसेप्टर असतील तर ती ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह. ती हार्मोनवर पोसते, म्हणून हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या चालतात. हर-टू हे पेशींवरचं प्रथिन जास्त असेल तर त्यावर ट्रॅस्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. यातलं काहीच नसेल तर ट्रिपल निगेटिव्ह. तिला हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत, केमो मात्र बऱ्याचदा चांगली लागू पडते. ती परत आली तर बहुधा पहिल्या तीनेक वर्षांत येते, पाच वर्षं निभावली की धोका बराच उतरतो. ईआर पॉझिटिव्ह गाठ उलट पंधरा-वीस वर्षांनीही डोकं वर काढू शकते. म्हणजे "घातकी" हा शब्द अर्धवट आहे.

अमेरिकेत शंभरातल्या साधारण १० ते १५ गाठी ट्रिपल निगेटिव्ह असतात. भारतातले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा वाटा २७ ते ३१ टक्क्यांच्या आसपास आला. तुमच्या भावाचा लेख इथूनच निघालेला असणार, आणि तेवढ्यापुरता तो खरा आहे.

पण त्या ३० टक्क्यांत किती गाठी खरोखर निगेटिव्ह आणि किती आमच्या बरणीमुळे, हे आधी विचारा. शरीरातून काढलेला तुकडा तासाभरात दहा टक्के फॉर्मालिनमध्ये पडायला हवा आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. फॉर्मालिन मांसात तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं. लिंबाएवढी गाठ न कापता तशीच अख्खी बरणीत सोडली तर वरचं साल टिकतं आणि आतला गाभा कुजत राहतो. आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. ऑपरेशन दुपारी. फॉर्मालिन संपलेलं, म्हणून सलाइन. बरणीला चिकटपट्टी लावून नातेवाइकाच्या हातात. तो संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याला येतो, तोवर लॅब बंद. बरणी रात्रभर पाहुण्यांकडे, कपाटावर. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर जे येतं त्यात ईआर असला तरी रंग धरत नाही. रिपोर्ट जातो निगेटिव्ह.

मोठ्या केंद्रांतल्या जुन्या नोंदींत ईआर पॉझिटिव्हचं प्रमाण फार कमी दिसायचं. तुकडा नीट मुरवणं आणि तपासणीची पद्धत सुधारली तसं ते वर गेलं. बायका त्याच होत्या.

तेरणाकाठ
डॉक्टर, हे वाचून पोटात गोळाच आला. मावशीची बरणी माझ्याच भावाने नेली होती. त्यात काय होतं कुणास ठाऊक.

पॅराफिन
थांबा, घाबरायचं नाही. हे तपासता येतं. गाठीच्या कडेला बहुतेक वेळा थोड्या निरोगी दुधाच्या नळ्या असतात. निरोगी नळ्यांतल्या काही पेशी ईआरला रंग घेतातच. त्याच काचेवर त्या तपकिरी दिसल्या आणि गाठ कोरी राहिली तर निगेटिव्ह खरं. निरोगी नळ्याही कोऱ्याच राहिल्या तर ती तपासणी बाद, परत करायची. याला आम्ही इंटर्नल कंट्रोल म्हणतो. रिपोर्टात त्याबद्दल ओळ आहे का पाहा. नसेल तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या आणि दुसऱ्या लॅबला दाखवा. ब्लॉक रुग्णाचा असतो, मागायला संकोच नको. मात्र या भानगडीत केमो लांबवू नका.

आकडेमोड
नांदेडला संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे "३० टक्के विरुद्ध १२ टक्के" दिसलं की हात शिवशिवतात. हे वाटे आहेत, दर नव्हेत. ग्लोबोकॅन या जगभरच्या कॅन्सरच्या अंदाजाच्या २०२२ च्या आकड्यांत वयाचा फरक काढून टाकला तर अमेरिकेत लाख बायकांमागे वर्षाला साधारण ९५ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, भारतात साधारण २६ जणींना. आता ९५ चे १२ टक्के काढा, ११ च्या पुढे येतात. २६ चे ३० टक्के काढा, ८ सुद्धा भरत नाहीत.

म्हणजे लाखभर बायका घेतल्या तर ट्रिपल निगेटिव्ह तिकडेच थोड्या जास्त. आपल्याकडे फुगलाय तो वाटा, आणि तो फुगलाय कारण ईआर पॉझिटिव्ह प्रकारच आपल्याकडे खूप कमी आहे. लवकर लग्न, तीन-चार बाळंतपणं, पाळी उशिरा येणं, पाळी गेल्यावर वजन फार न वाढणं, ही सगळी कारणं मुख्यतः त्याच प्रकाराला दाबून ठेवतात. ताटातली भाकरी कमी झाली की तेवढ्याच ठेच्याचा वाटा मोठा दिसणारच.

वयाचंही तसंच. "आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा दहा वर्षं आधी होतो" हे वाक्य सगळीकडे वाचाल. रुग्णांचं सरासरी वय कमी आहे हे खरं. पण आपली निम्मी लोकसंख्याच तिशीच्या आत आहे, सत्तरीच्या बायका मुळात थोड्या. लातूरच्या चाळिशीतल्या बाईला अमेरिकेतल्या चाळिशीतल्या बाईपेक्षा धोका जास्त आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये, तो कमीच आहे.

आपल्या भागापुरतं सांगायचं तर आयसीएमआरच्या २०१२ ते १६ च्या नोंदणी अहवालात बायकांच्या सगळ्या कॅन्सरचा मिळून नोंदणी असलेल्या भागांतला सर्वांत कमी दर उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीडचा होता, लाखामागे ४९.४. अरुणाचलातल्या पापुम पारेचा २१९.८.

जिंतूरकर
म्हणजे आमची बाजरी आणि ठेचाच चांगला हेच म्हणालात ना!

आकडेमोड
नाही म्हणालो. :) होणाऱ्या कमी आहेत, झालेल्यांत मरणाऱ्या जास्त आहेत. २०२२ मध्ये भारतात १ लाख ९२ हजार नवीन रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. अमेरिकेत पावणेतीन लाख नवीन, मृत्यू ४३ हजारांच्या आसपास. हे बाजरीच्या खात्यात कसं लिहिणार?

सातासमुद्रा
मी ती नर्स मामेबहीण नव्हे, पण मीही अमेरिकेतच कॅन्सर वॉर्डात काम करते. मूळची अंबाजोगाईची. रंगाच्या मुद्द्यावर लिहायलाच हवं.

इथल्या काळ्या बायकांत ट्रिपल निगेटिव्ह गोऱ्या बायकांच्या साधारण दुप्पट. इथे वाट्याचा खेळ नाही, दरच दुप्पट आहे. त्यांना एकूण स्तनाचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा किंचित कमी होतो, तरी मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. पण रंग? डॉ. लिसा न्यूमन या सर्जनने घाना आणि इथिओपियातल्या बायकांच्या गाठी अमेरिकेतल्यांशी ताडून पाहिल्या. पश्चिमेकडच्या घानात निम्म्याच्या आसपास गाठी ट्रिपल निगेटिव्ह. पूर्वेकडच्या इथिओपियात हा वाटा खूपच कमी, बराचसा गोऱ्या बायकांसारखा. काळ्या दोघीही. अमेरिकेतल्या काळ्यांचे पूर्वज गुलाम म्हणून बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून आणले गेले, म्हणून त्यांचं घानाशी जुळतं.

यातला एक धागा फार भन्नाट आहे. पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सगळ्यांत "डफी नल" नावाचा जनुकीय बदल असतो. त्यामुळे तांबड्या पेशींवरचा एक रेणू नाहीसा होतो आणि व्हायव्हॅक्स मलेरियाला पेशीत शिरायला दारच उरत नाही. हजारो वर्षांच्या मलेरियाने हा बदल तिथे टिकवला. हाच रेणू शरीरातल्या सूजेच्या संदेशांवरही ताबा ठेवतो, आणि डफी नल असलेल्यांत ट्रिपल निगेटिव्हचा धोका वाढलेला दिसला आहे. आता हे तुमच्या औशाच्या मावशीला कसं लावणार? त्यांच्या रंगाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

आणि मृत्यूतला सगळा फरक जनुकांचा आहे असंही मानू नका. ईआर पॉझिटिव्ह गाठी, ज्यांना गोळ्या चालतात, त्यांतही काळ्या बायका जास्त मरतात. विमा नाही, तारीख उशिरा मिळते, गोळ्या मध्येच सुटतात. हे मी रोज बघते.

तेरणाकाठ
मग आपल्याकडे काहीच जैविक फरक नाही का? डॉक्टर म्हणतात बरणी, सर म्हणतात भागाकार.

पॅराफिन
आहे ना. मी बरणीवर घसरलो कारण ती माझी रोजची डोकेदुखी आहे. फरकाचा सगळ्यात चांगला पुरावा अमेरिकेच्याच नोंदणीत सापडतो. तिथे स्थायिक झालेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायकांच्या गाठी तिथल्या गोऱ्या बायकांच्या गाठींशी ताडल्या, तेव्हाही आपल्या बायकांत हार्मोन निगेटिव्ह जास्त आणि वय कमी आढळलं. बरणी तिथली, फॉर्मालिन तिथलं, लॅब तिथली. तरी फरक उरला, थोडा आक्रसला एवढंच. स्थलांतरितांत तरुण बायका जास्त असतात हे सर लगेच सांगतील, ते मान्य. पण पूर्ण फरक त्यातही मावत नाही.

बाकी आशियातही सगळं एकसारखं नाही. मलेशियातल्या गाठींचं जनुकीय वाचन झालं तेव्हा तिथे हर-टूचा प्रकार आणि टीपी-५३ या जनुकातली बिघाडं पाश्चात्त्यांपेक्षा जास्त दिसली, गाठीत प्रतिकारपेशींची वर्दळही जास्त. उलट जपानी बायका हवाई आणि कॅलिफोर्नियात गेल्या तेव्हा एक-दोन पिढ्यांत त्यांचा एकूण दर तिथल्या बायकांच्या दिशेने चढत गेला. रक्त तेच, राहणी बदलली. त्यामुळे "आशियाई बाई" म्हणून एकच साचा करणाऱ्या लेखावर मी तरी भरवसा ठेवत नाही.

अंगावर पाजण्याबद्दल: ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये आलेला हिशेब असा, की पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. ट्रिपल निगेटिव्हमध्येही पाजण्याचा फायदा दिसतो. धोका घटतो, शून्य होत नाही. आशाताईंचा हेतू चांगला होता. फवारणीचं म्हणाल तर एका बाईच्या एका गाठीकडे बोट दाखवून "हेच कारण" असं कुणालाच सांगता येणार नाही.

बालाघाटची_पोर
मी गटप्रवर्तक, भूम तालुका. आशाताईंच्या वतीनं हात जोडते, आम्हाला जे चार ओळींचं शिकवलं तेच आम्ही सांगतो.

इथं सगळे जनुकाचं बोलायलेत, जरा आमच्या वाडीवरचंही ऐका. बाई गाठ दाखवत नाही. दुखत नाही म्हणून दाखवत नाही. दुखली असती तर बरं झालं असतं असं मला लई वेळा वाटतं. मागं एका घरी बीपी तपासायला गेले, बाईनं चहा दिला, आणि मी निघताना दारात पदर सरकवून म्हणाली, "एवढं बघा बरं ताई, लिंबासारखं लागतंय." वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली. विचारलं कधीपासनं, तर म्हणे मागच्या ऊसतोडीच्या आधीपासनं. कारखान्याहून परत आल्यावर दाखवू म्हणून राहिलं, परत आली तर पोरीचं लग्न. आता त्या बाईची गाठ ईआर पॉझिटिव्ह निघो नाहीतर निगेटिव्ह!

आणि आपल्या जिल्ह्याला कमी समजू नका. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा जगभर गाजलेला अभ्यास आपल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातच झाला, १ लाख ३१ हजार बायका. एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली तर पुढच्या आठ वर्षांत वाढलेल्या अवस्थेतले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ ला छापून आलं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची ग्रामीण नोंदणी तर १९८७ पासूनची, देशातली पहिली, आणि त्यात आमचे भूम-परांडाही होते. आपल्या बायकांनी विज्ञानाला लई दिलंय.

एक विचारायचं होतं. आमच्याकडं पिशवी काढलेल्या बायका लई. त्यांना छातीचा कॅन्सर जास्त होतो का? सारख्या विचारतेत.

पॅराफिन
ताई, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत कामाचा.

नुसती पिशवी काढल्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढत नाही. सोबत दोन्ही बीजकोशही काढले असतील आणि पाळी जायच्या वयाआधी काढले असतील तर धोका उलट घटतो. पण त्याची किंमत हाडं आणि हृदय मोजतात. बीडच्या ऊसतोड कामगार महिलांची सरकारी समितीने २०१९ मध्ये पाहणी केली तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्या बायकांची चिंता करायची तर हाडांची आधी करा.

गाठीबद्दल: मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलने दीड लाख बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. मॅमोग्राफी नाही, शिकवलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूत फरक पडला नाही. तरुण बायकांच्या गाठी भराभर वाढणाऱ्या जास्त असतात, दोन वर्षांच्या फटीत निसटतात. लोकसमूहांचा फरक शोधताना वयाचा हा फरक डोळ्याआड होतो.

गोदामाई
परभणी. माझ्या बहिणीला ३८ व्या वर्षी ट्रिपल निगेटिव्ह निघाला. तिची बीआरसीए तपासणी केली, म्हणजे स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जनुकांची, बीआरसीए-वनमध्ये दोष सापडला. हा दोष असलेल्यांच्या गाठी बहुतेक करून ट्रिपल निगेटिव्ह असतात म्हणे. मग मी केली. माझ्या रिपोर्टात तो दोष नव्हता, पण दुसऱ्याच जनुकात एक बदल लिहून आला, "महत्त्व अनिश्चित". तीन रात्री झोप नाही. समुपदेशक बाईंनी समजावलं की जगातल्या जनुकीय नोंदी बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत, त्यामुळे आपल्याकडचे साधे, निरुपद्रवी बदलही त्यांना अनोळखी वाटतात आणि अनिश्चितच्या रकान्यात पडतात. त्यावरून कुठलंही ऑपरेशन करायचं नाही. ज्यू लोकांतल्या एका समाजात म्हणे चाळिसातल्या एकाला बीआरसीएचे तेच ते ठरलेले तीन दोष असतात, त्यांची तपासणी सोपी. आपल्याकडे घराघराचा दोष वेगळा, म्हणून पूर्ण जनुक वाचावं लागतं.

आणि हो, हा दोष बापाकडूनही येतो. आमच्याकडे तो वडिलांच्याच बाजूने आला, आत्याला बीजकोशाचा कॅन्सर झाला होता. सगळे उगाच आईच्या माहेराकडे बोट दाखवत होते.

जिंतूरकर
हे बापाकडूनचं माहीत नव्हतं. आमच्याकडे दोन चुलत बहिणी आहेत, सांगतो त्यांना.

तेरणाकाठ
सगळ्यांचे आभार. थोडी बातमी: ब्लॉक मिळाला. आधीच्या दवाखान्याने जरा कुरकुर केली, पण दिला. दुसऱ्या लॅबने परत तपासणी केली. त्यांच्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलंय की कडेच्या निरोगी नळ्यांनी रंग व्यवस्थित घेतला आणि गाठीने अजिबात नाही. म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह खरंच. पहिली केमो झाली, दोन दिवस उलट्या झाल्या, आता जेवतेय. पुढे काय विचारू डॉक्टरांना?

पॅराफिन
दोन गोष्टी विचारा. एक, बीआरसीए तपासणी कधी करायची. ट्रिपल निगेटिव्ह आणि वय ४४, म्हणजे त्या तपासणीच्या निकषात नक्की बसतात. दोष निघाला तर त्यांच्या औषधांतही फरक पडू शकतो, शिवाय लेकींना आणि लेकांनाही पुढची दिशा कळते. दुसरं, कार्बोप्लॅटिन घालणार आहेत का. टाटाचा आपल्याच बायकांवरचा अभ्यास २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडला गेला. नेहमीच्या केमोत हे जुनं, स्वस्त औषध घातल्यावर पन्नाशीपर्यंतच्या ट्रिपल निगेटिव्ह बायकांचं जगणं वाढलं, पन्नाशीनंतरच्यांत तसा फायदा नव्हता. त्या अभ्यासातल्या बायकांत आणि मावशींत फार अंतर नाही. मात्र रक्तातल्या पेशी, किडनी वगैरे पाहून त्यांचेच डॉक्टर ठरवतील.

जन आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी नव्या लॅबचा रिपोर्टही फाइलला लावा. आणि ब्लॉक घरी ठेवणार असाल तर उन्हात, पत्र्याच्या कपाटात नको, मेण वितळतं.

तेरणाकाठ
पत्र्याच्याच कपाटात ठेवलाय! काढते आत्ता.